लेदर बॅगेचं मशीन: दुकानात जाण्याआधी बॅगेचा सर्वांत जाड सांधा मोजा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शिरपूरला तुमचा बचत गट कापडी पिशव्या आणि रेक्झिनच्या बॅगा शिवतो. आता लेदरच्या स्लिंग आणि लॅपटॉप बॅगा सुरू करायच्या आहेत. एक दुकानदार म्हणतो, गटाकडे असलेल्या सरळ टाक्याच्या जुकी कंपनीच्या मशीनलाच जाड सुई आणि मोठी मोटर लावा, लेदर शिवता येईल. दुसरा म्हणतो, कंपाउंड फीड, म्हणजे सुई, फूट आणि दात तिन्ही मिळून माल ओढणारं मशीन, घेतल्याशिवाय लेदरला हात लावू नका. शिवाय मुंबईहून एक जण जुनं सिलिंडर आर्मचं, म्हणजे सपाट पाटाऐवजी नळीसारखा हात असलेलं, मशीन द्यायला तयार आहे. कुणाचं ऐकायचं?

दुसऱ्याचं. पण त्याने कारण सांगितलेलं दिसत नाही, आणि कारण कळल्याशिवाय तुम्ही घेतलेलं कंपाउंड फीडही चुकीचं निघू शकतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या दुकानदाराचं बोलणं अगदीच खोटं नाही. जुकीचं डीडीएल ८७०० किंवा त्या धाटणीचं कुठलंही साधं मशीन एक मिलिमीटरच्या आतलं मऊ बकरीचं लेदर दोन पदरी शिवतं. जळगावच्या सराफ बाजारात दागिन्यांसाठी लागतात तशी छोटी पाऊचं त्यावर होतील. अडचण जाडीच्या आधी सुरू होते ती माल सरकण्यात. या मशीनमध्ये माल पुढे नेतात फक्त खालचे दात. वरचा फूट नुसता दाबून बसलेला. कापड हलकं असतं, फुटाखालून घसरतं, म्हणून दोन्ही पदर बरोबरीने चालतात. लेदरचा वरचा पदर फुटाला धरून राहतो आणि खालचा दातांबरोबर निघून जातो. मोठ्या मोटरने सुई जोरात आत जाईल, पण दोन पदर एकत्र चालणार नाहीत ते नाहीतच.

घरीच करून पाहा. एकाच लेदरच्या दोन पट्ट्या कापा, प्रत्येकी ५० सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद. चिकटवायचं सोल्युशन न लावता एकावर एक ठेवा, सुरुवातीची टोकं जुळवा आणि हाताने न ओढता शेवटपर्यंत टीप मारा. शेवटी वरची पट्टी खालचीच्या पुढे उरलेली दिसेल. सपाट पट्टीवर हा फरक कात्रीने कापून टाकता येतो. बॅगेच्या तळाला गोल वळण असलं की तो कोपऱ्यात साचतो, गसेटला, म्हणजे बाजूच्या पट्टीला, पीळ बसतो, आणि टेबलावर ठेवलेली बॅग एका अंगाला झुकते. मग पॅटर्न चुकला म्हणून कटिंगवाल्याला बोल लावतात. फुटाचा दाब वाढवला तर खालच्या अंगाला दातांचे ठसे उमटतात, आणि लेदरवर उमटलेला ठसा इस्त्रीने जात नाही. दाब कमी केला तर टाका लहानमोठा पडतो. टेफ्लॉनचा फूट, चाकाचा फूट हे उपाय पाकिटापुरते ठीक. त्यावर लॅपटॉप बॅगेचा धंदा उभा राहत नाही.

जुनी जुकी मात्र विकू नका. अस्तर, आतले खिसे, अस्तराला चेन लावणं ही सगळी कामं तिच्यावर वेगाने होतात, आणि लेदर बॅगेतलं बरंचसं शिवणकाम अस्तराचंच असतं.

आता दुकानात जाण्याआधीचं काम. तुम्हाला विकायच्या आहेत त्यातली सर्वांत अवघड बॅग कागदावर काढा आणि तिचा सर्वांत जाड सांधा कुठे येतो ते शोधा. समजा १.४ मिमी म्हशीच्या लेदरची लॅपटॉप बॅग आहे. तोंडाची कड आत दुमडली की झाले २.८. त्यावर बंदाची दुमडलेली टाच येते, आणखी २.८. अस्तर आणि बळकटीची पट्टी मिळून ०.८. बेरीज ६.४ मिमी. ही जाडी एकाच जागी आहे, तिथे हळू शिवता येतं. त्याहून त्रासाची जागा पायपिंगच्या, म्हणजे कडेला बसवलेल्या गोल किनारीच्या, शिवणीत असते. पुढची बाजू १.४, गसेट १.२, पायपिंगचे दोन पदर ०.८ आणि ०.८: एकूण ४.२. ही शिवण गसेटच्या जोडावर आली की तिथे १.२ चा एक पदर वाढतो, म्हणजे ५.४. मशीनने एका टाक्यात ४.२ वरून ५.४ वर चढायचं, दोन टाक्यांनी पुन्हा खाली उतरायचं, आणि बाहेरून बघणाऱ्याला टाक्याची लांबी बदललेली दिसता कामा नये. जाहिरातीत ‘इतके मिमी जाड शिवतं’ असं लिहितात, या पायरीबद्दल कुणी लिहीत नाही. तुम्ही तेच तपासा. असा पायरीवाला तुकडा, तुमच्याच लेदरचा, चिकटवून पिशवीत घालून न्या आणि दुकानदाराला म्हणा, यावर शिवून दाखवा. तो स्वतःच्या गल्ल्यातला सपाट तुकडा काढेल, त्यावर सगळीच मशिनं देखणी शिवतात.

जाडीनंतर दोरा, कारण दोऱ्यावरून सुई ठरते आणि सुईवरून मशीनचा वर्ग. रिळावर टेक्स नाहीतर टिकेट छापलेलं असतं. टेक्स म्हणजे १००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका दोरा जाड. टिकेटचं उलटं असतं. पाकिटाला टेक्स ७०, म्हणजे टिकेट ४०, आणि सुई १०० नंबरची. स्लिंग आणि लेडीज पर्सला टेक्स ९०, टिकेट ३०, सुई ११०. लॅपटॉप बॅगेला बाहेरून ठसठशीत टाका हवा असतो, तिथे टेक्स १३५, टिकेट २०, सुई १३० किंवा १४०. त्यापुढे टेक्स २१० आणि १६० ची सुई, ती जाड पट्ट्यांसाठी. सुईच्या नंबरला शंभराने भागलं की तिचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. १४० ची सुई म्हणजे १.४ मिमीचं भोक. साध्या जुकीत दोरा टेक्स ९० च्या वर गेला की हुकात, म्हणजे वरचा दोरा खालून पकडणाऱ्या भागात, अडकायला लागतो, टेन्शन बसत नाही. पहिल्या दुकानदाराचा सल्ला इथेही अडतो.

जाड दोरा म्हणजे मजबूत बॅग असं धरून चालू नका. सरळ टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतात, आणि ती गाठ दोन पदरांच्या मध्ये लपली पाहिजे. दोन मिमीच्या लेदरमध्ये टेक्स २१० ची गाठ लपायला जागाच नसते. ती एकदा वर दिसते, एकदा खाली, आणि मेकॅनिक तासभर टेन्शनची चकती फिरवत बसतो. टाक्याची लांबीही तशीच. कपड्यावर टाका बारीक तितकं काम पक्कं. लेदरला बारीक टाका घातला तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची ओळ तयार होते आणि वजन आलं की तिथूनच फाटतं. टेक्स ७० ला ३ मिमी, टेक्स १३५ ला ४ ते ४.५ मिमी ठेवा. साध्या मशीनचा टाका साधारण ४ ते ५ मिमीला संपतो. जुकीच्या डीएनयू १५४१ सारख्या कंपाउंड फीडवर तो ९ मिमीपर्यंत जातो. तुम्हाला ९ कधी लागणार नाही, पण ४.५ चा टाका त्या मशीनला आरामाचा असतो.

दोऱ्याबद्दल आणखी एक, खानदेशातल्या उन्हामुळे. लेदरकामात बॉन्डेड, म्हणजे तंतू उसवू नयेत म्हणून लेप दिलेले, नायलॉन आणि पॉलिएस्टर असे दोन दोरे चालतात. नायलॉन घासण्याला चिवट, थोडा ताणही घेतो, पण उन्हात लवकर कुजतो. मोटारसायकलच्या हँडलला अडकवून रोज शिरपूर ते धुळे जाणाऱ्या बॅगेला पॉलिएस्टरच घाला.

आता मशीन. बाजारात ‘वॉकिंग फूट’ हा शब्द सैल वापरतात. काही मशिनांत वरचा फूट चालतो आणि खालचे दात चालतात, पण सुई जागेवरच वरखाली होते. तुम्हाला हवं ते तिन्ही एकत्र चालणारं: सुई, आतला फूट आणि दात. याला कंपाउंड फीड, ट्रिपल फीड किंवा जुकीच्या भाषेत युनिसन फीड म्हणतात. सुई लेदरमध्ये उतरलेली असतानाच आतल्या फुटाबरोबर आणि दातांबरोबर मागे सरकते, त्यामुळे सगळे पदर एका खिळ्याने एकत्र ओढले जातात. मग बाहेरचा फूट खाली बसून माल धरतो आणि आतला फूट पुढच्या टाक्यासाठी परत येतो. ओळखायला सोपं आहे. मोटर बंद, दोरा काढलेला, टाक्याची लांबी सर्वांत मोठी. उजव्या हाताने चाक सावकाश आपल्याकडे फिरवा आणि डोळे सुईवर ठेवा. सुई खाली गेल्यावर पुढून मागे झुलली तर कंपाउंड. नुसती वर-खाली झाली तर नाही, मग पेटीवर काहीही छापलेलं असो.

त्याच वेळी दोन फूट आळीपाळीने किती उचलले जातात ते बघा. ही उचल कमी-जास्त करता येते. मघाची पायरी चढायला उचल जास्त लागते. सपाट शिवणीला ती कमी केली नाही तर मशीन खडखडतं आणि टाके नाचतात. नवं मशीन आणून वर्षभर ही सेटिंग कुणीच बदललेली नसते, असं मी अनेक ठिकाणी पाहिलंय.

यानंतरचा प्रश्न पाटाचा, म्हणजे सुईखालच्या ज्या भागावर माल ठेवून शिवतात त्याचा: सपाट, सिलिंडर की पोस्ट. इथे माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. नव्याने सुरू करणाऱ्याला सगळे सपाट पाट घ्यायला सांगतात, कारण तो स्वस्त आणि ओळखीचा. टोट बॅग, उलटून काढायची पर्स, पाकीट, फाइल कव्हर एवढंच करायचं असेल तर तेच घ्या. पण ज्या बॅगेची शिवण बाहेरून दिसते आणि गसेट पुढच्या-मागच्या बाजूंना उभं जोडायचं असतं, ती अर्धी बांधून झाल्यावर सपाट पाटावर बसत नाही. मागची बाजू जोडताना पुढची बाजू पाटाला अडते, कारागीर बॅग मुडपून धरतो, लेदरला सुरकुती पडते ती पडतेच. सिलिंडर आर्मचा हात डावीकडे मोकळा असतो, बॅग त्यावर चढवून गोल फिरवता येते. त्या हाताभोवती लावायचं सुटं टेबल मिळतं. ते लावलं की सपाट काम होतं, काढलं की गोल. मोठ्या सपाट तुकड्यांना ते खऱ्या सपाट पाटाइतकं सोयीचं नसतं, हे खरं. पण तुमच्याकडे सपाट कामाला जुकी आहेच. म्हणून एकच मशीन घ्यायचं असेल तर सिलिंडर आर्मचं कंपाउंड फीड घ्या, असं मी सांगेन.

सिलिंडरमध्येही दोन जाती. फाफ या जर्मन कंपनीच्या ३३५ च्या धाटणीची बारीक हाताची मशिनं छोट्या बॅगा आणि कडेला पट्टी लावण्याच्या कामाला उत्तम, पण हात बारीक म्हणजे त्यात मावणारी बॉबीनही लहान. टेक्स १३५ चा दोरा भरला की बॉबीन भराभर संपते आणि बाहेरून दिसणाऱ्या शिवणीत मध्येच जोड येतो. जुकी एलएस १३४१ च्या धाटणीत हात जाड आणि हुक मोठा, त्यामुळे लॅपटॉप बॅगेला तो बरा. तळहाताएवढी पर्स त्यावर चढणार नाही. चिनी कंपन्याही याच आकड्यांच्या आसपास आपली मॉडेलं विकतात, बाजारात ‘तीनशे पस्तीस दाखवा’ म्हटलं की समजतं. पोस्ट बेड, म्हणजे उभ्या खांबावरचं मशीन, बुटांच्या वरच्या भागाला आणि बॅगेच्या आतल्या कोपऱ्यांना लागतं. तुम्हाला आज त्याची गरज नाही.

दोन मशिनांच्या नादी लागू नका. एक, चर्मकारांच्या दुकानात दिसतं ते पॅचिंग मशीन. मूळ सिंगरचं २९के. त्यातला ‘के’ स्कॉटलंडमधल्या किलबोवीच्या कारखान्याचा, तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, मशिनं अजून चालताहेत. त्याचा फूट पूर्ण गोल फिरतो, म्हणून तयार बॅगेची चेन बदलायला, बुटाला ठिगळ लावायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण बॉबीन इवलीशी, दातेरी फुटाचा ठसा वरच्या अंगाला, आणि टाका सारखा येत नाही. दुरुस्तीला ठेवा, उत्पादनाला नको. दुसरं, ४४१ वर्गाचं अवजड मशीन. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात खोगिराचे तंग आणि लगामाचे पट्टे पाहून कुणी ऑर्डर दिली तर ते मशीन शोभेल. टेक्स २७० आणि त्याहून जाड दोरा, सेंटिमीटरभर जाडी, ते सहज शिवतं. पण १.२ मिमीच्या पर्सवर टेक्स ७० घालून चालवलं तर बारीक लेदर सुईच्या भोकात खाली ओढलं जातं. जास्त ताकदीचं मशीन घेऊन ठेवू, पुढे कामाला येईल, हा हिशेब ट्रॅक्टरला चालत असेल, शिवणाच्या मशीनला नाही. आणि चार पट्ट्यांची ऑर्डर असेल तर आरी आणि दोन सुयांची हातशिलाई करा. ती मशीनच्या टाक्यापेक्षा टिकते, कारण एक टाका तुटला तरी दुसरा दोरा शिवण धरून ठेवतो.

मोटरबद्दल वाद घालण्यासारखं काही नाही, सर्व्हो घ्या. क्लच मोटर बटण दाबल्यापासून पूर्ण वेगात फिरत राहते, पायाने क्लच अर्धवट दाबून वेग सांभाळावा लागतो. शर्टाच्या कारखान्यात ते चालतं. लेदरला एक टाका, थांबा, फूट उचला, वळवा, पुढचा टाका, असं काम असतं आणि चुकून पडलेलं भोक कायमचं राहतं. सर्व्होचा वेग बांधून ठेवता येतो, थांबल्यावर आवाज नाही आणि वीजही जवळपास शून्य. पुलीचा हिशेब करा: मोटरचे फेरे गुणिले मोटरची पुली भागिले मशीनची पुली. मोटर कमीत कमी २०० फेऱ्यांना सुरू होत असेल, तिची पुली ५० मिमी आणि मशीनची १०० मिमी, तर मिनिटाला १०० टाके. नवशिक्या बाईच्या हाताला हेही जास्त वाटतं. मोटरला ४५ ची पुली किंवा मध्ये वेग उतरवणारी जोडपुली बसवली की वेग कमी होतो आणि जोर वाढतो. सुई आपोआप वर किंवा खाली थांबवणारा नीडल पोझिशनर मिळाला तर जरूर घ्या, कोपरे वळवताना तो उपयोगी पडतो. घरगुती सिंगल फेज चालतो. गावाकडे व्होल्टेज खाली-वर होतं, त्यात सर्व्होचा कंट्रोल बॉक्स सर्वांत आधी जातो, म्हणून स्टॅबिलायझर आणि खरं अर्थिंग आधी, मशीन नंतर. चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरवर सर्व्हो लावू नका.

आता खर्चाची विभागणी. सगळे पैसे शिवणाच्या मशीनमध्ये घालू नका, स्कायव्हिंग मशीनसाठी राखून ठेवा. बॅगेची कड दुमडण्याआधी ती आतून पातळ करावी लागते. आपल्याकडचे कारागीर रापीने ती हातानेच सोलतात आणि छान सोलतात, पण गटातल्या सगळ्यांचा हात सारखा बसेपर्यंत बराच माल वाया जाईल. स्कायव्हिंग मशीनमध्ये घंटेच्या आकाराचं गोल पातं फिरतं आणि खालचं चाक लेदर त्यावर सरकवतं. धार लावायचा दगड मशीनमध्येच असतो. १.४ ची कड ०.७ केली की मघाच्या ६.४ मिमीच्या सांध्यातली दुमडलेली कड आणि टाच दोन्ही निम्म्या होतात: १.४, १.४ आणि ०.८ मिळून ३.६. जो सांधा अवजड मशीन मागत होता तो मध्यम मशीनवर येतो. बॅगेची कड बाजारात महागड्या बॅगेसारखी बारीक दिसते ती याच मशीनमुळे. मऊ क्रोम लेदर सोलताना ते पात्याखाली गोळा होतं, तेव्हा धार ताजी ठेवायला शिकून घ्या.

जुनं घ्यायचं की नवं? चांगल्या घरचं जुनं जपानी किंवा जर्मन मशीन नव्या स्वस्त मशीनपेक्षा मला पसंत. मुंबईत धारावीत लेदरचे कारखाने बदलत असतात, तिथून मशिनं निघतात. पण रंगावर भाळू नका. माझे मिस्त्री चकचकीत रंगवलेलं हेड दिसलं की आधी रंगाकडे पाहून हसतात आणि मग अहिराणीत निकाल देतात, “मशिन चांगलं शे भाऊ, पन कामनं नही.” ते तपासतात तसं तुम्ही तपासा. पट्टा काढून चाक हाताने फिरवायचं. पूर्ण फेऱ्यात एखाद्या जागी जड लागलं तर आत काही घासतंय. नीडल बार, म्हणजे सुई बसवलेला दांडा, बोटांत धरून पुढे-मागे हलवायचा, खेळ लागता कामा नये. हुकाचं टोक भिंगाखाली पाहायचं: बोथट, गंजलेलं किंवा सुईने खरवडलेलं असेल तर हुक बदलण्याची किंमत आजच वजा करायला सांगा. सुईच्या पट्टीचं भोक खडबडीत असेल तर दोरा तिथे फुटतो. मग खरी परीक्षा: दहा टाके पुढे, रिव्हर्स दाबून दहा टाके मागे. सुई त्याच भोकांत परत गेली पाहिजे. बॅगेच्या बंदाशी हे टाके गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर असतात. पुढचा आणि मागचा टाका जुळवता येतो, पण दुकानदाराने ‘नंतर सेट करून देऊ’ म्हटलं तर तिथेच बसून सेट करून घ्या. शेवटी तुमचा पायरीचा तुकडा. चढताना सगळ्यांचं लक्ष असतं. टाका सुटतो तो बहुतेक वेळा उतरताना.

हुकाला सेफ्टी क्लच आहे का, तेही विचारा. दोरा अडकला की हा क्लच हुक मोकळा सोडतो, टायमिंग, म्हणजे सुई आणि हुकाचा मेळ, बिघडत नाही. अडकलेला दोरा काढून, बटण दाबून चाक फिरवलं की पुन्हा जागेवर. जुकीच्या १५४१ मध्ये तो हवा असेल तर नावापुढे ‘एस’ असलेलं मॉडेल मागावं लागतं. नव्या हातांच्या गटासाठी मी त्यावर पैसे घालीन. टायमिंग लावणारा माणूस शिरपूरला लगेच मिळेलच असं नाही.

सुयांचं सांगायचं राहिलं. साध्या जुकीची डीबी १ सुई या मशिनांना चालत नाही. बऱ्याच कंपाउंड फीडना १३५×१७ लागते, पण ती कापडाची, गोल टोकाची. त्याच मापाची लेदरची सुई १३५×१६ या नावाने येते. फाफच्या धाटणीला १३४-३५. गोल टोक रेक्झिन, कॅनव्हास आणि अस्तराला; लेदर टोकाची सुई कॅनव्हासवर वापरली तर ती धागे कापते. लेदर टोकांतही प्रकार असतात: एलआर तिरकी चीर देते आणि टाका किंचित तिरपा, उठावदार दिसतो. एस शिवणीच्या दिशेनेच चीर देते, टाका सरळ आणि लांब येतो. पी आडवी चीर देते, जवळजवळच्या टाक्यांसाठी. बाहेरच्या शिवणीला एलआर पासून सुरुवात करा. मे महिन्यात आपल्याकडे रबर सोल्युशन ब्रश फिरवता फिरवता सुकतं, मग लोक दुसरा जाड हात मारतात. ते सुईला चिकटून टाके सुटायला लागतात. सकाळी लवकर चिकटवा, पातळ लावा, पूर्ण सुकल्यावर शिवा, आणि सुई पुसायला सिलिकॉन तेलाचा बोळा जवळ ठेवा.

कर्ज काढणार असाल तर जिल्हा उद्योग केंद्रातून पीएमईजीपीची, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची, माहिती घ्या. ग्रामीण भागात महिलांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा ५ टक्के अशी त्यात तरतूद आहे. चर्मकार समाजातल्या भगिनी गटात असतील तर संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या योजनाही विचारा. सावध राहायचं ते कोटेशनपाशी. अनुदान येणार म्हटलं की काही विक्रेते तीन सपाट मशिनं आणि एक कटिंग प्रेस असं भरगच्च पान करून देतात. त्या कोटेशनवर मॉडेल नंबर, फीडचा प्रकार, पाटाचा प्रकार, हुक, मोटरचे वॅट आणि सोबत येणारे फूट लिहून घ्या. ‘हेवी ड्यूटी लेदर मशीन’ एवढंच लिहिलेलं कोटेशन परत करा.

मुंबईच्या माणसाला बयाणा देण्याआधी त्याच्याकडून व्हिडिओ मागवा: नावाची पट्टी, हुकाचं टोक जवळून, दहा टाके पुढे-मागे, आणि त्याच्याच लेदरवर चार ते सहा मिमीची पायरी चढ-उतार. हाताचा घेर किती, बॉबीन कुठली, सुई कुठली हेही लिहून पाठवायला सांगा. त्या बॉबीन आणि सुया आज कुठे मिळतात ते फोनवर पक्कं करा. मिळत नसतील तर मशीन फुकट दिलं तरी नको. सौदा ठरला तर हेड टेबलावरून उतरवून, तेल काढून, आडवं न ठेवता वेगळ्या खोक्यात बांधायला सांगा. आल्यावर पहिला दिवस फक्त तुकड्यांवर चालवा, जुनं तेल नीडल बारवरून गळत राहतं आणि फिक्या लेदरवर त्याचा डाग कायमचा बसतो.